डांबराच्या गोळ्या, रफू आणि एक लोकरी कोट: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया पोटतिडकीने लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या कपड्यांची निगा, हातधुणं, रफू यांचं कौतुक म्हणजे बायकांच्या कष्टांना दिलेला सोनेरी मुलामा. कपाटात डांबराच्या गोळ्या टाकल्या की भागतं, बाकीचं ड्रायक्लीनर बघेल. आणि भोकं पडलेला तुमचा लोकरी कोट तुम्ही आता टाकून देणार आहात.

कष्टांबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरंच आहे. घरभराचे कपडे रोज हाताने धुणं, पिळणं हे ओझं होतं आणि वॉशिंग मशीनने ते उतरवलं याचा मला मनापासून आनंद आहे. मी लिहिलं होतं ते वर्षातून एकदोनदा बाहेर निघणाऱ्या कपड्यांविषयी. सुई बाईनेच धरावी असंही मी मानत नाही. मी स्वतः रफू करतो, आणि साधा टाका प्रत्येक मुलाला यायलाच हवा असं माझं मत आहे.

डांबराच्या गोळ्यांबाबत मात्र मी ठाम आहे. त्यातल्या नॅफ्थलीनची वाफ कसरीच्या अळ्या मरतील इतकी साठायची तर पेटी जवळपास हवाबंद लागते. सतत उघडझाप होणाऱ्या कपाटात उरतो तो फक्त वास, आणि तो जातो आपल्या छातीत. जी-६-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना अशा गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे तांबड्या पेशी फुटून गंभीर आजार झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत.

कापड खाते ती अळी, उडणारा पतंग नव्हे. लोकरीतलं केराटिन हे तिचं अन्न, आणि घामाचे किंवा सांडलवंडीचे डाग असतील तिथे ती आधी लागते. म्हणून कपडा ठेवण्याआधी स्वच्छ असणं हाच खरा बंदोबस्त. शंका असेल तर कपडा पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दमट हवेतलं पाणी थेट कापडावर धरतं. यात कष्ट कितीसे?

ड्रायक्लीनरचं म्हणाल, तर धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी कपड्याला लावणं अमेरिकेतसुद्धा १९७२ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या बहुतेक कपड्यांवर ती नसते, त्यामुळे दुकानदारही अंदाजच बांधतो. तंतू ओळखायला आपलं आपल्यालाही येतं. आतल्या शिवणीतला एक धागा चिमट्यात धरून जाळा: केस जळल्याचा वास आला तर लोकर किंवा रेशीम, कागद जळल्यासारखा आला तर सूत, वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम. लोकर आणि रेशीम ही प्रथिनं आहेत. प्रथिनांचे डाग तोडणारी एन्झाइमं घातलेली पावडर त्या तंतूंनाही कुरतडते, आणि क्लोरीनचं ब्लीच तर त्यांना अक्षरशः विरघळवतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वजन वाढावं म्हणून बरंचसं रेशीम कथिलाच्या क्षारांत बुडवत. ते घडीवर आपोआप फाटतं आणि कुणाच्याही धुण्याने सुधारत नाही. असा कपडा घडी न घालता आडवा पसरून, उजेडापासून दूर ठेवायचा, बस.

आता तुमचा कोट. आधी वर सांगितल्याप्रमाणे फ्रीझरमध्ये ठेवा, कारण शिवणीत अळ्या असतील तर आज केलेलं रफू उद्या खाल्लं जाईल. मग खालच्या दुमडीच्या आतून त्याच कापडाचे धागे सोडवून घ्या. रंग आणि जाडी तंतोतंत जुळते. नायलॉनचा दोरा नको, तो विरलेल्या लोकरीला कापतो. भोकाच्या कडेपासून बोटभर अलीकडे, धड कापडात सुरुवात करा. आधी सगळे उभे धागे भरा आणि मग आडवा धागा त्यांतून एकाखालून, एकावरून विणत न्या. प्रत्येक वळणावर बारीकसा सैल फास ठेवा, म्हणजे नंतर धागा आखडला तरी कापड ओढलं जात नाही. पहिलं भोक कॉलरखालचं निवडा. तिथे हात बसला की मग समोरच्याला हात लावा.