पन्नासचे सुटे

बेल्जियमच्या ब्रूज गावात गेल्या आठवड्यात मला एक लघुशंका साडेबारा युरोंना पडली. रुपयांत सांगत नाही, घरी अजून कळलेलं नाही.

दर अर्ध्या युरोचाच होता. दाराशी टेबल, टेबलावर बशी, बशीमागे विणकाम करणाऱ्या बाई. माझ्याकडे पन्नासची नोट. बाईंनी ती मीच छापल्यासारखी न्याहाळली आणि मान हलवली. कार्ड? पुन्हा मान. सुया चालूच.

मागे टोपीवाले आजोबा उभे होते, तिथलेच.

"इंडिया?"

"हो."

"म्हणजे मिरी!"

झालं. तुमची मिरी व्हेनिसच्या गलबतांतून इथे यायची. पलीकडच्या चौकात इटालियन सावकार देशोदेशींची नाणी बदलून द्यायचे, हुंड्या वटवायचे.

मी पाय बदलत विचारलं, "आजोबा, पन्नासचे सुटे?"

"चौदाव्या शतकात नक्की मिळाले असते."

एवढ्यात बेल्फोर्टच्या मनोऱ्यावरच्या घंटा वाजू लागल्या. आजोबांनी बोट वर करून मला गप्प केलं. एकूण 47 आहेत म्हणे. मला त्या सगळ्या पोटात ऐकू आल्या.

मग झ्विन. याच खाडीतून ब्रूजचा माल समुद्राकडून यायचा. "पण गाळ साचत गेला," आजोबा दोन्ही तळवे सावकाश जवळ आणत म्हणाले, "पाण्याला वाटच उरली नाही. कल्पना करा!"

मी दुसरं काय करत होतो?

"मग व्यापार अँटवर्पला गेला."

मलाही जावंसं वाटलं. तिथे सुटे असतील.

इतकं सांगून आजोबांनी खिशातून मूठभर चिल्लर काढली, त्यातलं एक नाणं बशीत टाकलं आणि स्वतः आत गेले. मूठभर!

शेवटी समोरच्या दुकानात धावलो आणि बारा युरोंची चॉकलेटं घेतली. त्या माणसाने सुटे हसत दिले. आमच्यासारख्यांवरच त्याचं घर चालत असणार.

याच गावात 2016 साली दे हाल्वे मान ब्रुअरीने बिअर बाटल्या भरण्याच्या कारखान्यापर्यंत न्यायला जमिनीखालून तीनेक किलोमीटरची पाइपलाइन टाकली. बिअरला पाइप, माणसाला बशी! आणि मी काही हौसेने प्यायलो नव्हतो. जेवताना साधं पाणी मागितलं तर बाटली आणली, जवळपास बिअरच्याच भावाची. मग माणूस बिअर नाही पिणार तर काय करणार?