कपाटातलं क्रेडिट कार्ड आणि ‘बंद करू नका’चा धाक

दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरत फिरत परत येतो. नातेवाइकांच्या ग्रुपवर येतो, सोसायटीच्या ग्रुपवर येतो, ऑफिसात डबा खाताना कुणीतरी मोठ्याने वाचूनही दाखवतो. शब्द थोडे बदलतात, सार तेच: ‘वापरात नसलेलं क्रेडिट कार्ड कधीही बंद करू नका. बंद केलंत की सिबिल स्कोअर 100 अंकांनी पडेल. जुना सगळा इतिहास पुसला जाईल. न वापरलेल्या कार्डाला खर्च शून्य, धोका शून्य. शिवाय बँक ते सहजासहजी बंद करूही देत नाही. तेव्हा कार्ड कात्रीने कापा, कपाटात टाका आणि विसरून जा.’

सिबिल स्कोअर म्हणजे तुम्ही कर्जं आणि बिलं कशी फेडता त्यावरून काढलेला आकडा, कर्ज देताना बँका तो बघतात. मेसेजमधलं एक वाक्य अर्धं खरं आहे, त्याच्याकडे येतोच. पण सुरुवात शेवटच्या सल्ल्यापासून करतो, कारण तो सल्ला पाळला तर मेसेज स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

‘कपाटात टाका आणि विसरून जा.’ रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2022 मध्ये कार्डांविषयी निर्देश काढले आणि ते त्याच वर्षी 1 जुलैपासून लागू झाले. त्यात स्पष्ट लिहिलंय: कार्ड एक वर्षाहून जास्त काळ वापरलं गेलं नाही, तर बँकेने ग्राहकाला कळवून ते बंद करायच्या कामाला लागावं. 30 दिवसांत ग्राहकाने काहीच उत्तर दिलं नाही आणि त्याच्याकडून काही येणं नसेल, तर खातं बंद करावं. म्हणजे स्कोअर सांभाळायचा म्हणून ज्याने वर्षभर कार्डाला हात लावला नाही, त्याचं कार्ड बँकच बंद करणार. तेही तिच्या मुहूर्तावर. तुमचं गृहकर्ज नेमकं त्याच आठवड्यात मंजुरीला गेलं असेल, तर बँकेला त्याचं काय?

आणि कात्रीचं म्हणाल, तर कापलं जातं ते प्लॅस्टिक. खातं बँकेच्या संगणकात असतं, तिथे कात्री पोचत नाही. कापलेल्या कार्डावर वार्षिक फी बसते, बिल निघतं, बिल थकतंही.

आता ते अर्धं खरं वाक्य: ‘स्कोअर 100 अंकांनी पडेल.’ हा 100 चा आकडा कुठून आला ते मेसेज सांगत नाही. सांगता येणारही नाही, कारण परिणाम माणसागणिक वेगळा असतो. खरं आहे ते इतकंच की मिळालेल्या एकूण मर्यादेपैकी किती रक्कम तुम्ही वापरता हे प्रमाण स्कोअरमध्ये धरलं जातं, आणि कार्ड बंद केलं की त्याची मर्यादा त्या बेरजेतून जाते. समजा, रोजच्या कार्डाची मर्यादा दीड लाख, कपाटातल्याची एक लाख आणि कार्डावरचा महिन्याचा खर्च 60,000. दोन्ही कार्डं चालू असताना प्रमाण 24 टक्के. कपाटातलं बंद केलं की 40 टक्के. हे प्रमाण 30 च्या आत ठेवा असं सगळेच सांगतात, तेव्हा हा माणूस रेषेपलीकडे गेला. येत्या चार-सहा महिन्यांत त्याला घरासाठी कर्ज काढायचं असेल, तर त्याने आत्ता कार्ड बंद करू नये, हे मलाही मान्य आहे.

पण हाच हिशेब 15,000 खर्च करणाऱ्याचा मांडा. 6 टक्क्यांचे 10 होतात. त्याने कशाला घाबरायचं? शिवाय दोन्ही कार्डं एकाच बँकेची असतील, तर बऱ्याचदा दोघांना मिळून एकच सामाईक मर्यादा असते, मग एक गेल्याने बेरीज फारशी हलतही नाही. ज्याचा खर्च खरोखर जास्त आहे तो राहिलेल्या कार्डाची मर्यादा वाढवून मागू शकतो, किंवा बिलाची वाट न बघता महिन्याच्या मधेच काही रक्कम भरू शकतो. स्कोअर काढणाऱ्या कंपन्यांना बँकांना हल्ली ही माहिती महिन्यातून एकाहून जास्त वेळा कळवावी लागते, त्यामुळे सुधारणाही लवकर दिसते.

मेसेजसोबत कधी कधी एक गोल रंगीत आलेख येतो: 35, 30, 15, 10, 10 टक्के, म्हणजे स्कोअर कशाकशातून बनतो त्याची फोड. ते आकडे अमेरिकेतल्या फायको स्कोअरचे आहेत. सिबिलचं नाव वर चिकटवून कुणीतरी ते इकडे आणून सोडले आणि आपण ते पुढे ढकलत बसलोय.

‘इतिहास पुसला जाईल’ हे सरळ चूक आहे. ज्या अहवालात तुमच्या कर्जांचा आणि कार्डांचा इतिहास असतो, त्यातून बंद केलेलं खातं लगेच नाहीसं होत नाही. ते ‘बंद’ असा शेरा मिरवत, आधीच्या हप्त्यांच्या नोंदींसकट, तिथेच राहतं. पतविषयक माहिती किमान सात वर्षं जपून ठेवावी असं नियमच सांगतो. म्हणजे चांगलं वागलेल्या कार्डाची पुण्याई त्याच्या मागेही काही वर्षं पुरते. हां, दोन कार्डांपैकी एकच ठेवायचं असेल आणि दोन्ही बिनफीची असतील, तर जुनं ठेवा. जुन्या कार्डाला तेवढा मान आहे. पण फी वसूल करणाऱ्या नव्या कार्डाला या मानाचा वाटा द्यायचं कारण नाही.

खर्चाबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथे मी स्वतः पोळलोय.

2018 मध्ये एका मॉलच्या दारातल्या टेबलावर मी एक कार्ड घेतलं. ‘सर, फर्स्ट इयर फ्री.’ सोबत एक बॅग मिळाली, तिची चेन महिन्याभरात तुटली. कार्ड दोनदा वापरलं असेल. पत्त्याच्या रकान्यात ठाण्याचं भाड्याचं घर आणि ईमेलच्या रकान्यात ऑफिसचा ईमेल दिला होता. वर्षभरात नोकरी बदलली, पुण्याला आलो, तो ईमेल बंद पडला. दुसऱ्या वर्षीची फी लागली: 499 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 588 रुपये 82 पैसे. बिल कुठल्या तरी मेलेल्या ईमेलवर गेलं. एसएमएस येत होते, नाही असं नाही, पण त्या बँकेचे दिवसाला चार एसएमएस यायचे, कर्ज घ्या, विमा घ्या. त्यात बिलाचा कोण शोधणार? मग विलंब शुल्क, त्यावर जीएसटी, वर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज. चौथ्या बिलापर्यंत आकडा अडीच हजारांच्या घरात गेला होता. वस्तू म्हणून त्या पैशांत मी काय घेतलं होतं? काहीच नाही.

कळलं केव्हा, तर गाडीच्या कर्जाला गेलो तेव्हा. तिथल्या अधिकाऱ्याने अहवालाचा कागद माझ्याकडे फिरवला. थकीत दिवसांच्या चौकटींत ओळीने 30, 61, 91 असे आकडे. ‘साहेब, हे काय आहे?’ कर्ज मिळालं, पण व्याजदर थोडा चढा लागला. पैसे भरून कार्ड बंद केलं, तरी त्या चौकटी पुढची दोन-तीन वर्षं अहवालात तशाच बसून होत्या. गेल्या 36 महिन्यांचा हिशेब तिथे दिसतो.

म्हणजे जो स्कोअर वाचवायला कार्ड ठेवा म्हणतात, त्या स्कोअरला सर्वांत मोठी इजा झाली ती न वापरलेल्या कार्डामुळे. आणि ती कार्ड बंद करून होणाऱ्या घसरणीपेक्षा कितीतरी वाईट. वापराचं प्रमाण पुढच्या महिन्यात सुधारता येतं. 91 दिवसांची थकबाकी पुसता येत नाही.

तेव्हा कार्ड ठेवायचं की नाही हे ठरवताना आधी फी बघा. ‘आयुष्यभर मोफत’ असेल तर ते लेखी कुठे आहे बघा. ‘वर्षाला इतके हजार खर्च केले तर फी माफ’ असेल, तर तेवढा खर्च तुम्ही त्या कार्डावर खरंच करणार आहात का? फी वाचवायला म्हणून नको असलेली खरेदी करणारी माणसं मी पाहिली आहेत. मार्च उजाडला की ती मिक्सर घेतात.

‘धोका शून्य’ हेही तसंच. कार्ड कपाटात असलं तरी त्याचा नंबर कधीतरी कुठल्या तरी वेबसाइटवर दिलेला असतो. परदेशी वेबसाइटवरचे काही व्यवहार ओटीपीशिवायही होतात. यावर उपाय आहे: ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार ॲपमधून स्वतः बंद-चालू करण्याची सोय बँकांनी द्यायलाच हवी, असा नियम 2020 पासून आहे. कार्ड ठेवणार असाल तर परदेशी व्यवहाराचं बटण आधी बंद करा. पण मूळ प्रश्न वेगळाच आहे. गैरव्यवहार झाला तर तीन कामाच्या दिवसांत कळवणाऱ्याला नियमांचं चांगलं संरक्षण मिळतं. रोजच्या कार्डावरचा नको तो व्यवहार तुम्हाला त्याच मिनिटाला दिसेल. कपाटातल्या कार्डाचा मेसेज जर जुन्या नंबरवर जात असेल, तर तुम्ही कळवणार केव्हा? तो नंबर तुम्ही सोडून दिला असेल, तर काही महिन्यांनी तो दुसऱ्याच कुणाला मिळालेला असू शकतो.

राहिलं ‘बँक बंद करू देत नाही’. एके काळी हे खरं होतं. अर्ज पोस्टाने पाठवा, अमुक शाखेत या, फोनवर अर्धा तास सनई ऐका. आता त्याच 2022 च्या निर्देशांप्रमाणे बँकेला हेल्पलाइन, ईमेल, वेबसाइट, ॲप अशा मार्गांनी विनंती घ्यावी लागते, पोस्टानेच पाठवा असा हट्ट धरता येत नाही. येणं बाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. नाही झालं, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. फोनवरच्या माणसाला हा नियम शांतपणे सांगितला की आवाजातला फरक ऐकण्यासारखा असतो. ‘सर, थांबा, फी माफ करून देतो’ असा फोन येईल. वाईट नाही ते. एका वर्षाची फी माफ करतायत की कायमची, तेवढं मेलवर मागून घ्या आणि मग ठरवा.

विनंती करण्याआधी बाकी शून्य करा. कार्डावर कुठला हप्ता, फास्टॅगचं रिचार्ज, विम्याचं ऑटो पेमेंट जोडलंय का ते बघून दुसरीकडे हलवा. परत केलेल्या वस्तूचे पैसे यायचे असतील तर ते येऊ द्या. खर्चावर मिळालेले रिवॉर्ड पॉइंट आधी वापरा. बायकोच्या किंवा मुलाच्या नावाचं जोडकार्ड असेल तर तेही जाणार, त्यांना सांगून ठेवा. महिना-दीड महिन्याने अहवाल काढून खात्यापुढे ‘बंद’ लागलंय ना ते तपासा. दर वर्षी एक पूर्ण अहवाल सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून फुकट मिळतो.

हे सगळं मी आमच्याच मजल्यावरच्या काकांना गेल्या महिन्यात सांगितलं. मेसेज त्यांनीच टाकला होता. ‘अरे, पण मग माझ्या तिघांचं काय करू?’ म्हणाले. तीन कार्डं टेबलावर मांडली. एक 2009 चं, बिनफीचं. ते ठेवायचं ठरलं आणि घरचं वीजबिल त्यावर लावलं, म्हणजे वर्षभर नुसतं पडून राहणार नाही. दुसरं रोजचं. तिसरं पेट्रोलवर सवलत देणारं, फी 500 रुपये. गाडी तर त्यांनी दोन वर्षांपूर्वीच विकली आहे. ॲपवरून विनंती टाकली, सहाव्या दिवशी बंद झाल्याचा मेसेज आला. पॉइंट आधी वापरा म्हणून मी तीनदा सांगितलं होतं, ते राहिलंच. 1,140 पॉइंट बुडाले म्हणून काका अजून लिफ्टमध्ये भेटले की हळहळतात.