उर्दू-अरबी फायली आणि स्क्रीन रीडर: तुमच्या कमेंटला उत्तर

कमेंट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की स्क्रीन रीडरला (अंध वापरकर्त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) डावं-उजवं काही नसतं, फाइलमध्ये अक्षरं ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने तो वाचतो, त्यामुळे अरबी, उर्दू, हिब्रू अशा उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी वेगळं काही करायला नको आणि मी उगाच बाऊ केलाय. यातलं क्रमाचं म्हणणं अगदी बरोबर आहे, पण घोळ तिथूनच सुरू होतो ना!

वर्डमध्ये परिच्छेदाची दिशा बदलायचं बटण वेगळं आणि मजकूर उजवीकडे सरकवायचं, म्हणजे राइट अलाइन, ते वेगळं. बरेच जण दुसरंच दाबतात, कारण दिसायला जवळपास सारखंच दिसतं. फक्त शेवटचा पूर्णविराम उजव्या टोकाला, म्हणजे वाक्याच्या सुरुवातीला जाऊन बसतो, मग टाइप करणारा वैतागून तो पुसतो आणि वाक्याच्या आधी टाइप करतो, की लगेच जागेवर दिसायला लागतो. डोळ्यांना झकास! फाइलमध्ये मात्र वाक्याच्या आधी पूर्णविराम आणि शेवटी काहीच नाही. टेबलाचंही तेच, दिशा न बदलता अनुक्रमांकाचा रकाना हाताने उजवीकडे शेवटी नेतात आणि ऐकणाऱ्याला आधी रक्कम, मग नाव, मग नंबर.

वेबपेजबद्दल तुमचं पटतं, तिथे पानाच्या कोडमध्ये डिर (dir, मजकुराची दिशा) आणि लँग (lang, भाषा) नीट दिले की बरंचसं काम होतं. (लँग मात्र हवाच. अरबी, फारसी, उर्दूची लिपी एकच घराणं, नुसत्या अक्षरांवरून कुठला आवाज लावायचा हे सॉफ्टवेअरला कसं कळणार?)

पण तुम्ही पीडीएफही त्यातच धरलंत, ते नाही पटत. पीडीएफमध्ये मुळात अक्षरांचे आकार पानावर कुठे काढायचे एवढंच असतं, आणि काही प्रोग्राम ते डावीकडून उजवीकडे ओतून मोकळे होतात, शब्दच उलटा साठवला जातो. टॅग लावलेत म्हणून सुटत नाही, कारण टॅग सांगतात हे शीर्षक, हा परिच्छेद, आणि यांच्यात आधी कोण. परिच्छेदाच्या आतली उलटी अक्षरं तशीच राहतात. पीडीएफ/यूए हे सगळ्यांना वापरता येईल अशा पीडीएफचं स्टँडर्ड २०१२ पासून आहे, पण ते तपासणाऱ्या चेकर सॉफ्टवेअरने हिरवी खूण दिली म्हणून आतला शब्द सरळ आहे असं समजू नका.

तुमच्याकडच्या एखाद्या उर्दू पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. उलटी दिसली तर स्क्रीन रीडरलाही बहुतेक तसलंच मिळतंय. नीट दिसली तरी त्यातलाच एक शब्द कीबोर्डवरून टाइप करून शोधा, कारण कधीकधी मूळ अक्षराऐवजी त्याच्या जोडरूपाचा वेगळाच कोड आलेला असतो, दिसायला तोच पण सर्चला सापडत नाही. आणि वर्डच्या टेबलात टॅब दाबत जा, कर्सर उजवीकडून डावीकडे सरकायला हवा.