पाट मोकळा कर

आज आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, दुसरा रविवार. सकाळच्या मिस्साला दुसरी जांभळी मेणबत्ती पेटली आणि दुपारी आमच्या ग्रुपवर माझं डोकं पेटलं. कुणीतरी कन्फेशनच्या, म्हणजे फादरांकडे पापांची कबुली द्यायच्या, वेळा टाकल्या होत्या. त्याखाली एक अंगठासुद्धा नाही. त्याच्याच वरच्या प्लम केकच्या मेसेजला त्रेचाळीस उत्तरं, अर्धा किलो की एक किलो, अंड्याचा की बिनअंड्याचा. मग एक बाई लिहितात, "पश्चात्ताप वगैरे ईस्टरआधीच्या उपवासकाळात असतो ना? नाताळच्या तोंडावर मूड कशाला घालवायचा?" त्यावर सात हसरे चेहरे.

तिथे मी गप्प बसले. बोलले असते तर योहान बाप्तिस्ताच्या, येशूच्या आधी येऊन पश्चात्ताप करा म्हणणाऱ्या संदेष्ट्याच्या, भाषेत बोलले असते, आणि तो आजच्याच शुभवर्तमानात भल्याभल्यांना सापाची पिल्लं म्हणतो. उंटाच्या केसांचं वस्त्र, खायला टोळ आणि रानमध. नाताळच्या शुभेच्छापत्रावर हा माणूस कधी दिसला का तुम्हाला? पण दरवर्षी आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी तोच उभा असतो. वाट सरळ करा म्हणतो. रोषणाई करा म्हणत नाही.

वाट सरळ करा म्हटलं की मला आमच्या वाडीतला पाट आठवतो.

पप्पा आणि काकांची विहीर एक, वाड्या शेजारी. पंपाच्या पाळीवरून भांडण झालं आणि पप्पांनी काकांच्या बाजूला जाणारा पाट चिखल-दगड घालून बुजवला. तीन वर्षं. काकांची राजेळी केळी आमच्या डोळ्यांदेखत वाळली. आम्ही पोरं रोज तिथून शाळेत जायचो आणि काकूकडे बघायचं टाळायचो. देवळात मात्र दोन्ही घरं दर रविवारी हजर, एकाच बाजूला, मध्ये चार बाकं सोडून.

मी आठवीत होते. डिसेंबरातल्या एका शनिवारी पप्पा कन्फेशनला गेले. फादरांचं तोंड त्या बाबतीत कायमचं बंद असतं, पण कबुली देणाऱ्याचं नसतं, म्हणून पप्पांनीच पुढे कधीतरी आम्हाला सांगितलं. त्यांना वाटलं होतं दहा 'नमो मरिया' म्हणून सुटू. फादर म्हणाले, "प्रार्थना नंतर म्हण. आधी पाट मोकळा कर."

आणि आपण काय मोकळं करतोय? माझ्या भाचीला कुणीतरी ॲडव्हेंट कॅलेंडर दिलं. चोवीस खिडक्या, रोज एक उघडायची. आत चॉकलेट असेल म्हणून बघायला गेले तर लिपस्टिक, नेलपॉलिश. तिने पहिल्याच दिवशी नऊ खिडक्या फोडल्या. वाट बघायला शिकवणारी वस्तू, आणि तिचीही वाट बघवत नाही! पोरीला काय बोलणार, तिच्या आईनेही १ तारखेलाच झाड सजवून फोटो टाकला होता.

फादरांचा झगा या चार आठवड्यांत जांभळा का असतो, हे त्या ग्रुपवर विचारून बघा. उपवासकाळातही तोच रंग असतो. रविवारी ग्लोरिया हे देवाच्या गौरवाचं गीत का गात नाहीत? पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहराच्या बिशपनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत आठवड्याला तीन उपवास घालून दिले होते. ऑर्थोडॉक्स पंथाचे ख्रिस्ती आजही नाताळाआधी चाळीस दिवस उपवास धरतात. आपण चाळीस दिवस आधी केकचं बुकिंग करतो.

बरं, मान्य. आगमनकाळ म्हणजे दुसरा उपवासकाळ नव्हे, आनंदाने वाट बघायचा काळ, असं चर्चच सांगतं. उपवासकाळात बंद होतो तसा आलेलुयाचा जयघोष बंद होत नाही, तिसऱ्या रविवारी मेणबत्तीही गुलाबी असते. असू दे. पण पाहुणा येणार म्हणून आनंद झालेला माणूस आधी घर झाडतोच ना?

पप्पा त्या संध्याकाळी देवळातून आले ते कपडेही न बदलता फावडं घेऊन वाडीत गेले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. अंधार पडेपर्यंत दगड काढत होते. पलीकडे काका कमरेवर हात ठेवून नुसते उभे. एक शब्द नाही. पाणी त्यांच्या आळ्यांत शिरलं तरी नाही. त्या नाताळला ते आमच्याकडे आलेसुद्धा नाहीत, आणि आई पप्पांवर चिडली, "एवढं करून काय मिळालं?" पप्पा म्हणाले, "मला सांगितलं होतं ते मी केलं. त्याला काय सांगितलं ते त्याला माहीत."

पुढच्या वर्षीही नाही. त्याच्या पुढच्या डिसेंबरात काकूने केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, पाठवली, पोराच्या हाती. नव्या राजेळीची.

इथपर्यंत लिहिलं आणि राग उतरला. उतरला म्हणजे, त्या बाईंवरचा उतरला. कारण कन्फेशनच्या त्या मेसेजला मीही अंगठा दिलेला नाही. आई गेली त्याला सहा वर्षं झाली. तिच्या पाटल्या माझ्या कपाटात आहेत. धाकटीच्या लग्नात द्यायच्या असं आईने माझ्यासमोर म्हटलं होतं, आणि धाकटीला ते माहीत नाही. ती मागत नाही म्हणून मी काढत नाही. तीन वेळा कन्फेशनला जाऊन आले या सहा वर्षांत. रागावते, खोटं बोलते, मिस्साला उशिरा जाते, सगळं सांगितलं. हे नाही सांगितलं. सांगितलं तर फादर काय म्हणतील ते मला आठवीपासून माहीत आहे.

ती नालासोपाऱ्याला राहते. रिक्षाने फार तर अर्धा तास.

कन्फेशन शनिवारी साडेपाचला आहे. ग्रुपमधल्यांनी केकच्या खाली बघा.