‘तुम्ही नुसते फॉर्म भरत बसता’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया शांतपणे वाचली. सूर तिखट आहे, पण मुद्दे आहेत, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहिते.

आपत्तीच्या जागी परस्पर धाव घेऊ नका, आधी जवळच्या मदत शाखेत नाव नोंदवा, प्रशिक्षण घ्या, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: माणसं संकटात असताना तुम्ही फॉर्म भरत बसता, खरी मदत साधी माणसं कुणालाही न विचारता करतात, जशी इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर झाली, तुमच्या वाट्याला जॅकेट घालून फोटो काढणं तेवढं उरतं, आणि एरवी तुम्ही बैठकांखेरीज करता तरी काय?

पहिल्या काही तासांपुरतं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. १९९५ च्या जानेवारीत जपानमधल्या कोबेला भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं. शेजाऱ्याला हात द्यायला ओळखपत्र लागत नाही, आणि लागतं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पण दुसरी बाजूही बघा. १९८५ साली मेक्सिको सिटीत भूकंप झाला तेव्हा लोकांनी आपणहून शेकडो जीव वाचवले, आणि त्या धावपळीत सुमारे शंभर मदत करणारेच दगावले. अर्धवट पडलेल्या इमारतीत कुठे शिरायचं आणि कुठून मागे फिरायचं, हे धाडसाने कळत नाही. ते शिकावं लागतं.

सोल्फेरिनोचं उदाहरण मात्र तुम्ही अर्ध्यावर सोडलंत. २४ जून १८५९ ची ती लढाई. जवळच्या कास्तिल्योने गावातल्या बायकांनी जखमी सैनिक कुठल्या बाजूचा हे न बघता शुश्रूषा केली, हे खरं. पण हे सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या हेन्री ड्युनांट या स्विस व्यापाऱ्याने १८६२ च्या पुस्तकात काय मागितलं? शांततेच्या काळातच मदत संस्था उभ्या करा आणि त्यात तयारीचे स्वयंसेवक ठेवा. माया त्या गावात भरपूर होती. मलमपट्टी कशी करायची, पाणी आधी कुणाला द्यायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं. रेडक्रॉसचा जन्म या उणिवेतून झाला. म्हणजे तुमचा साक्षीदार माझ्याच बाजूने बोलतोय!

आता फॉर्म. तुमचा सगळ्यात जास्त राग त्याच्यावर आहे, आणि मी नोंदणीच्या टेबलावरच बसते, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

निवारा केंद्रात एक कुटुंब येतं. भिजलेलं, भेदरलेलं. आम्ही नाव विचारतो, माणसं किती, वयं काय, घरातलं कुणी सापडत नाहीये का. आणि मग एक रकाना असतो: रोजची औषधं. तिथवर येईपर्यंत आजोबा ‘काही नको, ठीक आहे’ असंच म्हणत असतात. थेट विचारलं की कळतं, इन्सुलिन घेतात आणि ते घरीच राहिलं. हे ते आपणहून कधीच सांगत नाहीत, कारण आजूबाजूला ज्यांचं सगळं गेलंय त्यांच्यापुढे स्वतःचं दुखणं काढायला माणसाला संकोच वाटतो. बायकांच्या पाळीचंही तसंच. टेबलामागे फक्त पुरुष असतील तर पॅडची मागणी शून्य येते. गरज शून्य नसते.

याच कागदावरून हिशेब निघतो. आपत्तीतल्या मदतीसाठी जगभर ‘स्फिअर’ची, म्हणजे मदत संस्थांनी मिळून ठरवलेली, किमान मानकं वापरतात. माणशी दिवसाला निदान १५ लिटर पाणी. शौचालय सुरुवातीला ५० माणसांमागे एक, आणि होईल तितक्या लवकर २० माणसांमागे एक. केंद्रात ४०० माणसं असतील तर दिवसाला ६,००० लिटर पाणी आणि शेवटी २० शौचालयं लागणार. आता माणसं ४०० आहेत की ६५०, हे कुणी मोजलंच नसेल तर टँकर किती मागवायचे? अंदाजाने मागवले तर पाणी कमी पडतं, आणि पाणी कमी पडलं की हात धुणं थांबतं. पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

यादी नसली की वाटपही जोर असलेल्यांच्या बाजूने झुकतं. गाडी थांबते, धडधाकट माणसं पुढे येतात, दोन-दोन किट घेऊन जातात. अंथरुणाला खिळलेली आजी, तान्हं मूल असलेली बाई, ज्यांच्याशी कुणी फारसं बोलत नाही अशी घरं मागे राहतात. वाटणाऱ्याचं मन कितीही मोठं असलं तरी त्याला हे दिसत नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढे फक्त गर्दी असते. रेडक्रॉस चळवळीने १९६५ साली जाहीर केलेल्या सात मूलतत्त्वांत निःपक्षपातीपणा आहे, तो हाच: मदत फक्त गरज बघून, आणि ज्याची गरज तातडीची त्याला आधी. यादीशिवाय हे कसं करायचं, तुम्हीच सांगा.

न विचारता पाठवलेल्या वस्तूंबद्दल थोडंच सांगते. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात सुमारे ४,००० टन औषधं येऊन पडली. बऱ्याच खोक्यांवरची लेबलं तिथल्या कर्मचाऱ्यांना वाचता येत नव्हती, काहींची मुदत उलटलेली. ती नष्ट करणं हे एक नवंच काम होऊन बसलं. आमच्याकडे जुन्या कपड्यांचं तेच होतं. ओली गाठोडी, एकेकटे बूट, तुटलेल्या चेन. निवडायला स्वयंसेवक अडकून पडतात, आणि तेच स्वयंसेवक दुसरीकडे हवे असतात.

फोटोंबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. हात पसरलेल्या माणसाचा फोटो काढणं मलाही चीड आणतं. आमच्या शाखेत वाटपाच्या वेळी मोबाइल खिशात ठेवायचा असा दंडक आहे. सगळीकडे तो पाळला जातो असा दावा मी करणार नाही.

आणि हो, बैठका होतात, कंटाळवाण्याही होतात. पण एरवीचं बरंचसं काम बातमीत येत नाही. कुणाचं घर जळतं तेव्हा त्या रात्रीपुरता आसरा आणि अंथरूण-पांघरूण बघायचं. एकटे राहणारे वृद्ध कुठे आहेत याची यादी ताजी ठेवायची. प्रथमोपचाराचे वर्ग घ्यायचे: हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, निदान ५ सेंटिमीटर खोल, हा सराव पुतळ्यावर घाम निघेपर्यंत. पहिल्या तासांत धावणाऱ्या ज्या शेजाऱ्याची तुम्ही बाजू घेताय, तो या वर्गाला येऊन गेलेला असावा एवढीच आमची धडपड असते.

शेवटी तुम्ही विचारलंय, ‘तुमच्या जॅकेटाशिवाय मदत करायची असेल तर?’ खुशाल करा. तुमच्या इमारतीत, गल्लीत कुणाला उचलून न्यावं लागेल, गॅस आणि वीज कुठून बंद होते, हे आजच शोधून ठेवा, त्याला आमची गरज नाही. लांबच्या ठिकाणी जायचं असेल तर मात्र आधी फोन करा, आणि आत्ता नको असं उत्तर आलं तर ऐका. तुम्ही जड वाहन चालवता असं प्रतिक्रियेत लिहिलंय. चालक आम्हाला कायम कमी पडतात. पुढचा वर्ग लागला की इथेच कळवते. एक फॉर्म भरावा लागेल, त्याला इलाज नाही.