चौकट म्हणजे शॉट नव्हे

गेल्या पंधरवड्यात नाशिकमधल्या वाचनवेड्या मंडळींत एक मजकूर फिरतो आहे. मला तो चार निरनिराळ्या माणसांनी पाठवला, त्यांतल्या दोघांनी ‘आता बोल’ अशी पुस्ती जोडून. मजकुराचा आशय असा: ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली कादंबरी, हा आयता स्टोरीबोर्ड असतो, त्यामुळे दिग्दर्शकाने चौकटी जशाच्या तशा चित्रित केल्या की रूपांतर चांगले झालेच, चाहत्यांना फक्त चेहरे आणि पोशाख जुळवायचे असतात, म्हणून ते ट्रेलर येताच निकाल देऊन मोकळे होतात, लेखकाने एकदा पैसे घेतले की त्याला कुरकुर करण्याचा हक्क उरत नाही, आणि पुस्तक न वाचलेल्या प्रेक्षकाचे मत तेवढे निर्मळ. पुराव्यादाखल २००९ च्या ‘वॉचमेन’ चित्रपटातली दृश्ये आणि मूळ पुस्तकातल्या चौकटी शेजारी शेजारी लावलेल्या आहेत. तेव्हा बोलतो.

स्टोरीबोर्डचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि बाकीचे त्याच्याच आधाराने उभे आहेत, म्हणून जास्त जागा त्याला. स्टोरीबोर्ड ही चित्रीकरणाच्या सोयीसाठी काढलेली चित्रे असतात. त्यातली प्रत्येक चौकट पडद्याच्याच प्रमाणाची असते, कॅमेरा कुठून कुठे सरकणार याचे बाण तिच्यात असतात, आणि शॉट मिळाला की त्या कागदाचे काम संपते. ग्राफिक नॉव्हेलमधली चौकट कशाचीही पूर्वतयारी नसते. तिचा अर्थ आतल्या चित्राइतकाच तिच्या आकारातून, पानावरच्या जागेतून आणि शेजारच्या चौकटींतून येतो, आणि हे शेजार कॅमेऱ्यात येत नाही.

मजकुराने स्वतःच निवडलेले उदाहरण घेऊ. ‘वॉचमेन’ ही मुखवटे घालून गुन्हेगारांशी लढणाऱ्या माणसांची गोष्ट, १९८६-८७ मध्ये बारा भागांत निघाली. लेखन ॲलन मूर यांचे, चित्रे डेव्ह गिबन्स यांची, रंग जॉन हिगिन्स यांचे. पुस्तकाचा पाया तीन ओळी गुणिले तीन अशा नऊ चौकटींच्या जाळीचा आहे. पाचव्या भागाची मांडणी आरशासारखी आहे: पहिल्या पानाचे प्रतिबिंब शेवटच्या पानात, दुसऱ्याचे शेवटून दुसऱ्यात, असे करत दोन्ही बाजू मधल्या जोडपानावर येऊन मिळतात. बाराव्या भागाची गोष्ट याहून बोलकी आहे. आधीचे अकरा भाग आपण लहान लहान चौकटींतून चालत आलेलो असतो, आणि बारावा भाग उघडताच सलग सहा पानभर चित्रे येतात, एकाही संवादाशिवाय, प्रेतांनी भरलेल्या न्यूयॉर्कची. ज्या वर्तमानपत्रविक्रेत्याला आणि त्याच्या टपरीशेजारी बसून कॉमिक वाचणाऱ्या मुलाला आपण भागामागून भाग पाहिलेले असते, तेही त्या संहारात गेलेले असतात. धक्का जितका प्रेतांचा, तितकाच चौकटीच्या आकाराचा आहे. पडद्यावर पहिले दृश्य आणि शेवटचे दृश्य एकाच मापाचे असते. तिथे हा आकार आणायचा कुठून?

काळाचाही प्रश्न आहे. गंगापूर रोडवर एका मित्राच्या घरी आम्ही पाच-सहा जण रविवारी जमतो. तिथे फिरणारी ‘वॉचमेन’ची प्रत एकच आहे, खाकी कव्हर घातलेली, कणा तीन ठिकाणी चिकटपट्टीने सांधलेली. हा मजकूर आल्यावर आम्ही एक पोरकट प्रयोग केला: तेच एक पान प्रत्येकाने वाचायचे आणि दुसऱ्याने फोनवर वेळ मोजायची. एकाने ते वीस सेकंदांत उलटले. दुसरा अडीच मिनिटे तिथेच होता, कारण तळाच्या चौकटीतली भिंतीवरची अक्षरे पाहून तो परत वरच्या ओळीकडे गेला होता. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत काय घडले हे वाचक आपल्या मनात, आपल्या वेगाने घडवतो. चित्रपटात हा वेग संकलक ठरवतो. यात कमीजास्त काही नाही, पण एका माध्यमाला दुसऱ्याचा आराखडा म्हणणे म्हणजे रांगोळीला फरशीचा नकाशा म्हणण्यासारखे आहे.

आता शेजारी शेजारी लावलेल्या त्या चित्रांकडे येऊ. ती जुळतात, हे मी मान्य करतो. दिग्दर्शक झॅक स्नायडर यांनी त्यासाठी घेतलेले कष्टही दिसतात. मात्र सुरुवातीचा खून पाहा. पुस्तकात दोन पोलीस अधिकारी मृताच्या घरात उभे राहून कंटाळलेल्या आवाजात अंदाज बांधत असतात आणि खुनाचे क्षण मधूनमधून, लाल रंगात, सुट्या चौकटींतून येतात. एका वयस्क माणसाला कुणीतरी घरात घुसून मारले, एवढेच. चित्रपटात त्या चौकटींची लांबलचक हाणामारी झाली आहे, संथ गतीत, पार्श्वभूमीला गाणे, आणि माणसे आदळून ओटे-भिंती फुटताहेत. सुटे चित्र घेतले तर जुळते. परंतु मुखवटे घालणारी ही माणसे तुमच्या-आमच्यासारखी ढेपाळणारी आहेत, हे जे पुस्तक सांगत होते, ते पहिल्या पाच मिनिटांतच हातचे गेले. शेवट बदलला म्हणून चाहते जास्त चिडले होते: न्यूयॉर्कचा संहार करणारा पुस्तकातला अवाढव्य प्राणी काढून चित्रपटाने शहरांच्या विध्वंसाचा आळ डॉक्टर मॅनहॅटन या अतिमानवी शक्तीच्या पात्रावर घातला. माझ्या मते हा बदल कथेच्या तर्काला धरून आहे आणि त्याने फारसे बिघडले नाही. बिघडले ते जिथे ‘काही बदललेले नाही’ असे दाखवले गेले तिथे.

‘पण लांब आवृत्तीत सगळे आहे’ असेही मजकुरात एका ओळीत म्हटले आहे. चित्रगृहात आलेला चित्रपट १६२ मिनिटांचा होता, सर्वांत लांब आवृत्ती २१५ मिनिटांची आहे आणि तिच्यात तो मुलगा वाचत असतो ती चाच्यांची कथा ॲनिमेशनमध्ये घातली आहे. पुस्तकात मात्र चाच्यांच्या कथेतली वाक्ये आणि टपरीवरचे बोलणे एकाच चौकटीत, एकावर एक असतात. चित्रपटाला एक थांबवून दुसरे दाखवावे लागते. मिनिटे वाढली, जोड मात्र सुटली.

चाहत्यांना फक्त चेहरे जुळवायचे असतात हा आरोप निदान नाशिकमध्ये तरी जपून करावा. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचे स्मारक आहे त्या दादासाहेब फाळके यांच्यापुढे हाच प्रेक्षक होता. १९१७ च्या ‘लंका दहन’साठी आलेल्या लोकांच्या मनात राम आणि सीता आधीपासून होते, रविवर्म्यांच्या छापील चित्रांनी ते घराघरांत पोहोचवले होते, आणि फाळके स्वतः त्या छापखान्याच्या कामातून आलेले. तरीही त्या चित्रपटात राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुष नटाने केल्या आणि लोकांनी दोन्ही मानल्या. मनातल्या चित्राशी प्रत्यक्षातले चित्र मिळते का, हे प्रेक्षक पाहतो खरा, पण ‘मिळणे’ म्हणजे नाक-डोळे मोजणे नव्हे, हे त्याला तेव्हाही कळत होते.

ट्रेलरवरून निकाल देण्याबाबत मात्र मजकूर अर्धा बरोबर आहे, आणि ते कबूल करायला लाज कसली. १९८९ च्या ‘बॅटमन’साठी मायकेल कीटन यांची निवड झाली तेव्हा चाहत्यांनी हजारोंनी निषेधाची पत्रे पाठवली, आणि पुढे तेच चुकीचे ठरले. मीही अशी दोन-तीन भाकिते गिळलेली आहेत. परंतु घाईचा निकाल चुकू शकतो म्हणून सावकाश, पुस्तक आणि चित्रपट दोन्ही समोर ठेवून दिलेला निकालही बाद, हे कोणत्या न्यायाने?

लेखकाच्या पैशांबद्दलचे विधान तर माहिती न घेताच केलेले आहे. पुस्तकाची छपाई बंद झाली की हक्क मूर आणि गिबन्स यांच्याकडे परत जातील असा करार होता. ती कधी बंद झालीच नाही, त्यामुळे हक्क प्रकाशकाकडेच राहिले. मूर यांनी चित्रपटावर आपले नाव येऊ दिले नाही आणि आपल्या वाट्याचे पैसे गिबन्स यांना द्यायला सांगितले. श्रेयनामावलीत म्हणूनच एकट्या गिबन्स यांचे नाव दिसते.

राहिला न वाचलेला प्रेक्षक. त्याचे मत मोलाचे आहे यात शंका नाही. ‘रोड टू पर्डिशन’ आणि ‘अ हिस्ट्री ऑफ व्हायोलन्स’ ही ग्राफिक नॉव्हेलांची रूपांतरे आहेत हे ठाऊक नसतानाच कितीतरी जणांना ती आवडली. दुसऱ्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाला, डेव्हिड क्रोननबर्ग यांना, पटकथा हाती घेतली तेव्हा स्वतःलाच ते माहीत नव्हते. दोन्ही चित्रपट मूळ पुस्तकांपासून बरेच दूर जातात आणि चौकटीची नक्कल करत नाहीत. म्हणजे मजकुराचा शेवटचा मुद्दा त्याच्याच पहिल्या मुद्द्याला छेद देतो, हे पाठवणाऱ्या चौघांपैकी कोणाच्याच लक्षात आले नसावे.

त्या चौघांपैकी एकाने ‘वॉचमेन’ आधी पडद्यावर पाहिला होता, त्याला तो आवडलाही होता, आणि पुस्तक त्याने उघडले नव्हते. खाकी कव्हरची प्रत गेले काही दिवस त्याच्या घरी आहे. परवा रात्री साडेअकराला त्याने मला बाराव्या भागाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली एवढेच लिहिले: ‘हे सिनेमात कुठे होते?’