८०० मीटरवरून बिबट्या पाडणाऱ्या मेसेजबद्दल थोडं

निफाड-सिन्नरकडं बिबट्या दिसला की दरवेळी तोच मेसेज फिरायला लागतो, या वेळी माझ्याकडंच तीन जणांनी पाठवला. मेसेज थोडक्यात असा: "आजकालच्या रायफली १०० मीटरवर एका इंचात गोळ्या बसवतात, म्हणजे ८०० मीटरवर फक्त ८ इंच. त्यात भारी स्कोप (बंदुकीवरची दुर्बीण) आणि मॅग्नम (जास्त दारूचं) काडतूस, कुठंही लागली तरी जनावर आडवं. परदेशात असेच एल्क (मोठं हरीण) पाडतात, मग वनखातं पिंजरे कशाला लावत बसतंय?"

मी शिकारी नाही, आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून तो विषयच संपला. पण नेमबाजीच्या रेंजवर पॉइंट टू-टूची छोटी रायफल बरीच वर्षं चालवतोय, आणि मावसभाऊ कॅनडात अल्बर्टाला असतो, तो दर सीझनला लायसन काढून शिकारीला जातो, त्याच्याशी यावर तासन्‌तास वाद घालून झालाय.

आधी तो एक इंच. भो, तो इंच टेबलावर, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून काढलेला असतो, तोही तीन गोळ्यांचा, आणि त्यातही जो सगळ्यात गोड जमला त्याचाच फोटो टाकतात. त्याच बंदुकीनं दहा गोळ्या मारा, ग्रुप (गोळ्यांचा पुंजका) पसरतोच. आणि डोंगर चढून धापा टाकत, सॅकवर बंदूक टेकवून मारताना तो इंच बंदुकीचा राहत नाही, तुमच्या छातीच्या ठोक्यांचा होतो. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं त्या ५० मीटरच्या इव्हेंटमध्ये दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, आणि उभं राहून मारताना जगातल्या टॉपच्या लोकांचीही प्रत्येक गोळी त्यात बसत नाही. तिथं टार्गेट जागचं हलत पण नाही.

बरं, मानलं ८ इंच. पण हरणाचं काळीज-फुप्फुस धरून मारायची जागाच मुळात ८-१० इंचांची, एल्कची थोडी मोठी. म्हणजे सगळी सूट एकट्या बंदुकीनंच खाल्ली, अजून वारा यायचाय.

आणि खरी गंमत वाऱ्यातच आहे. आमच्या ५० मीटरच्या रेंजवरसुद्धा वारा सुटला की गोळी दहातून बाहेर सरकते. पॉइंट थ्री-झीरो-एटसारखं नेहमीचं काडतूस घेतलं तर ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ३०० मीटरवर गोळीला वीतभर ढकलतो, ८०० वर दीड-दोन मीटर! आता वाऱ्याचा अंदाज पाच किलोमीटरनं चुकला, जो कुणाचाही चुकतो कारण मध्ये दरी असते आणि तिथं वारा भलतीकडंच वाहतो, तर गोळी अर्धा मीटर बाजूला, म्हणजे फुप्फुसाऐवजी पोटात. असं जनावर पळून जातं आणि कुठंतरी झुडपात दोन दिवस तडफडतं. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे आपल्याकडं, तोफा डागणारेसुद्धा हवामानाचे आकडे घेतात आणि पहिला गोळा कुठं पडला ते बघून दुरुस्ती करतात. शिकाऱ्याला ती दुसरी संधी कोण देणार?

उंचीचंही तेच. १०० मीटरला झीरो केलेल्या, म्हणजे नेम जुळवलेल्या बंदुकीची हीच गोळी ८०० ला सहा-सात मीटर खाली येते, अंतर २० मीटरनं चुकलं तर फरक जवळजवळ हातभर. अंतर मोजणारा रेंजफाइंडर आहे म्हणाल, ठीक. पण गोळीला पोचायला सेकंदाच्या वर लागतं आणि चरत चरत एक पाऊल पुढं टाकलेलं जनावर रेंजफाइंडरला विचारून टाकत नाही. स्कोपबद्दल काय बोलायचं, जनावर मोठं दिसतं आणि हाताची थरथरही तेवढीच मोठी दिसते, बास.

मॅग्नमचं 'कुठंही लागली तरी' हे तर सगळ्यात घातक. बहुतेक शिकारी गोळ्या जनावरात शिरल्यावर नीट उमलायला, म्हणजे पसरायला, सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या आसपास वेग लागतो, लांब गेल्यावर वेग पडला की गोळी खिळ्यासारखी आरपार जाते. आणि मॅग्नमचा धक्का असा की नवशिक्या घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतो.

परदेशात लांबून मारणारे आहेत, नाही असं नाही, पण ते वर्षभर हजारो काडतुसं जाळतात. भावाचा हिशोब साधा: मिसळीच्या गाड्यावरच्या कागदी प्लेटएवढ्या गोलात, थंड नळीची पहिली गोळी, बसून किंवा गुडघ्यावर, ज्या अंतरावर दरवेळी बसते तीच आपली हद्द. त्याची २५० मीटर आहे, आणि बहुतेक हरणं त्यानं दीडशेच्या आतच मारलीत. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ ला शिकारी जिम कॉर्बेटनं मारला तोही झाडावर बसून, खाली बकरी बांधून.

आणि आपल्या बिबट्याला ८०० मीटरवरून बघणार कोण? तो उसात असतो, जिथं दहा फुटांवरचं दिसत नाही. नरभक्षक ठरवून मारायचा तरी मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी लागते. भुलीचं इंजेक्शन मारणारी बंदूक तर ४०-५० मीटरच्या आतच चालते, म्हणून पिंजरे. शिवाय चुकलेली रायफलची गोळी तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. पिंपळगावच्या कुठल्याही मळ्यात उभं राहून तेवढ्या टप्प्यात किती वस्त्या येतात ते मेसेज पुढं ढकलणाऱ्यानं जरा मोजून सांगावं.